कुत्रा कुणाचा होता?

सर हेन्री बास्करव्हिल लंडनच्या हॉटेलात उतरलाय, त्याने एकदाही पायात न घातलेले कोरे तपकिरी बूट पॉलिशसाठी दाराबाहेर ठेवलेत आणि सकाळी बघतो तर त्यातला एकच गायब. एक बूट चोरून कोणी काय करणार? मग तो नवा बूट खोलीतच कपाटाखाली सापडतो आणि तोवर जुन्या, रोजच्या वापरातल्या काळ्या जोडातला एक गेलेला असतो. पहिल्या वाचनात हा हॉटेलच्या नोकरांचा गलथानपणा वाटतो आणि आपण पुढे जातो, कारण आपल्या डोक्यात तोवर घराण्याचा शाप, १७४२ सालचं हस्तलिखित आणि तोंडातून आग ओकणारा नरकातला कुत्रा भरलेला असतो. पण ती कादंबरी खरी तिथे सुटते. नव्या बुटाला माणसाचा वास नसतो, जुन्याला असतो, आणि वास लागतो तो जिवंत जनावराला. भुताला बूट कशाला लागेल? शेरलॉक होम्सला तिथेच कळलेलं असतं की कुत्रा खरा आहे, आणि खरा आहे म्हणजे तो कोणीतरी पाळलाय.

(पुढे मी सगळंच उघड करून लिहिणार आहे. ज्यांनी 'द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स' अजून वाचली नसेल त्यांनी आधी ती वाचा, मग इथे या. मनापासून सांगतोय.)

आर्थर कॉनन डॉईलने १८९३ मध्ये होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलून संपवलं होतं, वाचक चिडले होते, आणि मग ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ स्ट्रँड मासिकात ही कादंबरी क्रमशः आली, होम्सच्या मृत्यूच्या आधी घडलेली गोष्ट म्हणून. कुत्र्याची दंतकथा त्याला बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन नावाच्या पत्रकार मित्राकडून मिळाली, आणि डॉईल नुसता ऐकून बसला नाही, इंग्लंडमधल्या डार्टमूरला जाऊन राहिला, त्या माळावर पायी फिरला. मी ती आधी मराठी अनुवादात वाचली, आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणून. १८४० सालची संस्था आहे ती. पुढे इंग्रजीत वाचली आणि आता दर पावसाळ्यात एकदा तरी हातात येतेच, कारण नाशकात आषाढ लागला, त्र्यंबकच्या बाजूने ढग उतरायला लागले, ब्रह्मगिरी दिसेनासा झाला की मला हीच कादंबरी आठवते. इतक्या वेळा वाचून खुनी कोण हे पाठ झालंय. तरी भीती वाटते. ती का वाटते आणि त्या भीतीचं होम्स नेमकं काय करतो, हा विचार बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

आधी त्या जागेबद्दल. डार्टमूर हा ग्रॅनाइटचा उंच माळ आहे. ग्रॅनाइटमधून पाणी खाली झिरपत नाही, पाऊस भरपूर, थंडी भरपूर, त्यामुळे झाडपाला धड कुजत नाही आणि हजारो वर्षं थरावर थर साठून काळी, भिजलेली, पाय घातला तर खाली ओढणारी दलदल तयार होते. वर टेकड्यांच्या माथ्यावर उघडे पडलेले खडक, त्यांना ते टॉर म्हणतात. मधेमधे कांस्ययुगातल्या माणसांच्या दगडी झोपड्यांचे गोल पाये. आणि प्रिन्सटाउनचा तुरुंग. हे सगळं खरं आहे, नकाशावर आहे. डॉईलने दलदलीला ग्रिम्पेन हे नाव आपल्या मनाने दिलं, पण माती तिथलीच घेतली. कादंबरीतलं एक दृश्य मी विसरूच शकत नाही, माळावरचा शेजारी स्टेपलटन होम्सच्या मित्राशी, वॉटसनशी, गप्पा मारत उभा आहे आणि समोरच्या हिरव्या गवतात माळावरचं एक तट्टू रुततंय, मान वर काढून धडपडतंय, किंचाळतंय आणि मग नाही. स्टेपलटन शांतपणे सांगतो की मला मात्र आत जायची वाट माहीत आहे. त्याक्षणी ते आपल्याला फुशारकी वाटतं. पुढे कळतं की कुत्रा तिथेच आत, एका बंद पडलेल्या कथलाच्या खाणीत बांधून ठेवलेला होता. म्हणजे जागेचं वर्णन म्हणून जे वाचलं तोच पुरावा होता. डॉईल निसर्गवर्णन म्हणून एक ओळ वाया घालवत नाही, माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी करामत आहे.

आपल्याकडे असा माळ नाही. सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट, उतार तीव्र, पाणी पडलं की धावत सुटतं, दलदल व्हायला थांबत नाही. आपल्याला भीती वाटते ती कड्याची, कसारा घाटातल्या धुक्याची, आणि गोदाकाठच्या सपाटीला उतरलात तर उसाची. निफाडच्या पट्ट्यात बारा-तेरा फूट उंच ऊस दोन्ही बाजूला आणि मधून बैलगाडीची वाट, संध्याकाळी सातनंतर तिथून एकट्याने चालत जाऊन बघा. पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. वारा नसला तरी पाचटाचा आवाज होतच असतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर चकव्याच्या गोष्टी हमखास निघतात, अमुक एक जण रात्रभर त्याच शेतात फिरत राहिला, पहाटे कोंबडा आरवला तेव्हा वस्ती शंभर पावलांवर होती. या गोष्टी खोट्या नाहीत. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून बघितलं, सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत माणसं बऱ्यापैकी सरळ चालली आणि तो झाकला गेला की आपण सरळच चाललोय या खात्रीने गोल फिरायला लागली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली तर कधी कधी जेमतेम वीस मीटरच्या वर्तुळात. अमावास्येच्या रात्री उसात शिरलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? त्याला चकवा लागला हे त्याचं सांगणं अगदी प्रामाणिक असतं. त्याला जे झालं ते झालंच. ते करणारी हडळ नव्हती एवढंच.

आणि इथे मला डॉईल फार आवडतो, कारण तो भिणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवत नाही. मधल्या पाच-सहा प्रकरणांत तर तो होम्सलाच बाजूला काढतो. वॉटसनला माळावर एकटं सोडतो आणि आपण वॉटसनच्या पत्रांतून, डायरीतून ते घर बघतो. वॉटसन डॉक्टर आहे, अफगाणिस्तानात लढाई बघून आलेला आहे, भित्रा अजिबात नाही. त्याला रात्री त्या जुन्या वाड्यात बाईचं रडणं ऐकू येतं. मध्यरात्री नोकर बॅरिमोर मेणबत्ती घेऊन रिकाम्या खोलीच्या खिडकीशी उभा राहून बाहेरच्या काळोखात बघत असतो. एका टॉरवर, चंद्रासमोर, एक उंच माणूस स्तब्ध उभा दिसतो आणि नाहीसा होतो. आणि माळावरून तो आवाज येतो, लांबच लांब, मग खोल जाणारा, ज्याला स्टेपलटन म्हणतो की हा पाणपक्षी असावा, दलदलीत राहणारा, दुर्मिळ झालेला. (खुन्यानेच दिलेलं शास्त्रीय स्पष्टीकरण! शास्त्राच्या भाषेत बोलणारा प्रत्येक जण शास्त्राच्या बाजूचा नसतो, हे डॉईलने १९०१ मध्ये दाखवून ठेवलंय. स्टेपलटन फुलपाखरांचा अभ्यासक आहे, जाळी घेऊन फिरतो.)

आता या चार गोष्टी कशा सुटतात बघा. रडणारी बाई ही बॅरिमोरची बायको एलायझा. तुरुंगातून पळालेला खुनी सेल्डन हा तिचा धाकटा भाऊ, लहानपणी लाडावलेला, पुढे वाया गेलेला, आणि आता माळावर उपाशी, थंडीत लपलेला. मेणबत्ती म्हणजे त्याला खूण की जेवण आणतोय. चंद्रासमोरचा माणूस म्हणजे खुद्द होम्स, लंडनला आहे असं सांगून इकडे दगडी झोपडीत येऊन राहिलेला. आणि आवाज तेवढा कुत्र्याचा. एकेक भूत उतरत जातं तसतशी भीती कमी व्हायला हवी की नाही? पण होते उलटीच. जी भीती चार ठिकाणी वाटली गेली होती ती सगळी गोळा होऊन त्या एका आवाजात जाऊन बसते. सस्पेन्स म्हणजे माहिती दडवणं असं बरेच लेखक समजतात. डॉईल मात्र माहिती देत जातो, खरी उत्तरं देत जातो, आणि तरी श्वास अडकतो.

पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येक भुतामागे माणूस निघतो आणि तो दरवेळी वाईट निघत नाही. एकीकडे भावासाठी रात्री रडणारी बहीण आहे, दुसरीकडे सात लाख चाळीस हजार पौंडांच्या इस्टेटीसाठी कुत्रा पाळणारा दूरचा वारस आहे. दोघांनीही त्या घराभोवती भुताटकी उभी केली, एकीने नकळत, दुसऱ्याने ठरवून. नुसतं 'भूतबित काही नसतं' म्हणून गप्प बसलं असतं तर यातलं एकही कळलं नसतं, ना बाईचं दुःख ना स्टेपलटनचा डाव.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट सांगतो. मामाची वस्ती निफाड तालुक्यात आहे, गोदावरीच्या पाटाला लागून, तीन बाजूंनी ऊस. मी सुट्टीला गेलो होतो आणि सकाळी उठलो तर गोठ्यापाशी गर्दी, शेजारच्या वस्तीवरचं वासरू रात्री गेलेलं. 'वाघ आला' असं एक जण, 'वाघ कसला, ओढत नेल्याची खूणच नाही, हे काहीतरी वेगळंच आहे' असं दुसरा, आणि एका आजींनी तर सरळ सांगितलं की बांधावरच्या म्हसोबाला यंदा नारळ चुकला. दहाच्या सुमारास फॉरेस्टवाले आले, त्यात एक तरुण वनरक्षक होता, पंचविशीतला असेल. तो कोणाशी वाद घालत बसला नाही. पाटाच्या कडेने ओल्या गाळातून वाकून चालत गेला, एका जागी थांबला आणि म्हणाला, "मामा, इकडे या. पायाखाली बघून या."

गाळात ठसा उठलेला होता. चार बोटं, गोलसर, आणि मागची गादी. त्याने खिशातून पेन काढून ठशाशेजारी ठेवलं, मोबाईलवर फोटो काढला. मग आमच्याच मोत्याचा ठसा दोन हातांवर होता तो दाखवला. "ह्याला पुढं नखाचं टोक उमटलंय बघा. कुत्रं असो का तरस असो, नख उमटणार. आणि इकडं? नाही. मांजराच्या जातीचं जनावर नखं आत ओढून चालतं. गादीची मागची कड बघा, तीन जागी फुगीर हाय. बिबट्या हाय मामा, अन् मोठा नर असावा."

आजी मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग म्हसोबाचं काय?" तर तो पोरगा म्हणाला, "आज्जी, नारळ फोडा तुम्ही, माझं काय म्हणणं नाही. पण नातवंडांना अंधार पडल्यावर बाहेर बसवू नका, खाली बसलेलं पोर त्याला शेरडासारखं दिसतं. अन् वासराला आत घ्या."

मग मामी हळूच पुढे आली. म्हणाली, "दादा, चार रात्री झाल्या, उसातून आवाज येतोय. करवतीनं लाकूड कापतात ना, तसा. थांबतो, परत येतो." वनरक्षक ताडकन वळला. "ताई, हे आधी का नाही सांगितलं? तोच बोलतो तसा. बिबट्याच हाय तो." मामी माझ्याकडे बघत म्हणाली, "कसं सांगायचं. तुम्ही शिकलेले हसता, आणि गावातले म्हणणार हिला काहीतरी दिसायला लागलं."

हे ऐकून मला डॉ. मॉर्टिमर आठवला, सर हेन्रीच्या मेलेल्या काकाचा, सर चार्ल्सचा, डॉक्टर आणि मित्र. कादंबरीत सर चार्ल्सच्या प्रेतापासून काही अंतरावर कुत्र्याच्या पायाचे प्रचंड ठसे फक्त त्याने बघितले होते, पण चौकशीत तो गप्प बसला, कारण विज्ञानाच्या माणसाने लोकांच्या अंधश्रद्धेला दुजोरा दिल्यासारखं दिसेल ही भीती. लाज. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, होम्सच्या खोलीत, आवाज जवळजवळ कुजबुजीवर आणून तो ते सांगतो, आणि आजही ते वाचताना अंगावर काटा येतो. पण नीट बघितलं तर सगळ्या कादंबरीतला सगळ्यात मोठा पुरावा एका शिकलेल्या माणसाने हसं होईल म्हणून दाबून ठेवला होता. मामीने तेच केलं आणि त्या चार रात्रींत वस्तीवरची पोरं अंधारात खेळत होती. अंधश्रद्धेमुळे नुकसान होतं हे आपण नेहमी बोलतो. अंधश्रद्धाळू ठरू या धाकाने माणसं बघितलेलं, ऐकलेलं सांगत नाहीत, त्याचं नुकसान कोणी मोजत नाही. होम्स मॉर्टिमरला हसत नाही. तो विचारतो, ठसे वाटेवर होते की कडेला, फाटक बंद होतं की उघडं, रात्र कशी होती. प्रश्न विचारतो म्हणजे काय, तर समोरच्याने जे बघितलं ते त्याने बघितलंय हे आधी मान्य करतो.

सर चार्ल्सच्या मृत्यूचंच घ्या ना. नोकर सांगतो की फाटकापासून पुढे ठसे बदलले, मालक चवड्यांवर चालत होते. सगळे ते ऐकून घेतात. होम्स म्हणतो चवड्यांवर कोण कशाला चालेल, तो पळत होता, जीव घेऊन पळत होता. फाटकापाशी सिगारची राख दोनदा पडलेली, म्हणजे पाच-दहा मिनिटं तिथे उभा होता, म्हणजे कोणाची तरी वाट बघत होता. कुत्रा त्याला चावलेलाही नाही. त्याचं हृदय कमजोर होतं, शापावर त्याचा पक्का विश्वास होता आणि स्टेपलटनला या दोन्ही गोष्टी माहीत होत्या. तो स्वतः त्या शापावर काडीचा विश्वास ठेवत नाही, ठेवत असता तर कुत्र्याच्या अंगावर फॉस्फरस चोपडून त्याला वापरला नसता. दुसऱ्याची श्रद्धा हेच त्याचं हत्यार.

(फॉस्फरसचं मात्र खरं नाही. पांढरा फॉस्फरस हवेत जेमतेम तीस अंशांच्या आसपास पेट घेतो आणि विषारी असतो, कुत्र्याने तो चाटला असता आणि खून सर हेन्रीच्या आधी कुत्र्याचाच झाला असता. डॉईल डॉक्टर होता, त्याला कळत असणार, 'चलाखीने केलेलं मिश्रण' असं होम्सच्या तोंडी घालून तो पुढे सरकतो. मला चालतं.)

आपल्याकडे अंगातून जाळ निघणारा आग्या वेताळ सांगतात, रात्री माळावर दिवट्या नाचताना दिसतात म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांचे चमत्कार सादरीकरणाचे प्रयोग मी शाळेत असताना बघितलेत. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतायचं की आपोआप अग्नी, लिंबू कापायच्या सुरीला आधी काहीतरी चोपडून ठेवायचं की लाल रक्त, नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवून वर पाणी शिंपडायचं की करणी पेटली. पोरं टाळ्या वाजवतात. पण मला त्या मंडळींचं भानामतीचं काम जास्त मोठं वाटतं. घरात कपडे आपोआप पेटतात, जेवणात घाण पडते, भिंतींवर खुणा उमटतात, आणि सगळं घर मांत्रिकाच्या दारात उभं राहतं. कार्यकर्ते जातात आणि होम्स करतो तेच करतात, प्रकार किती वाजता होतो, तेव्हा घरात कोण असतं, कोण नसताना होत नाही. बहुतेक वेळा करणारं माणूस घरातलंच निघतं आणि ते अनेकदा घरातलं सगळ्यात दबलेलं माणूस असतं, सासुरवाशीण, नाहीतर वयात येणारी मुलगी, जिला आपला त्रास बोलायची दुसरी कुठलीच सोय नाही. मग त्या व्यक्तीचं नाव चारचौघांत न घेता तिच्याशी बोलायचं, त्रास समजून घ्यायचा. हे मला एलायझा बॅरिमोरच्या प्रकरणाच्या फार जवळचं वाटतं. वॉटसन आणि सर हेन्रीलाही खरं कळल्यावर ते बॅरिमोर नवरा-बायकोला पोलिसांत देत नाहीत.

आणि दुसऱ्या टोकाला स्टेपलटन आहेतच. बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं जातं त्या प्रकरणांच्या मुळाशी कितीदा तिच्या नावावरची जमीन निघते. गुप्तधन दाखवतो म्हणून पैसे उकळणारे, करणी काढतो म्हणून बायांचं शोषण करणारे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली तो कायदा त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून आला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. त्याची अनुसूची एकदा वाचून बघा. देवावर श्रद्धा ठेवू नका असं त्यात कुठेही नाही. भूत-पिशाच्च बोलावतो म्हणून लोकांत घबराट निर्माण करणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, असे प्रकार नेमके सांगितलेत, आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. म्हणजे कायदासुद्धा 'भूत आहे का' या वादात पडत नाही, 'भूत कोण दाखवतंय आणि कशासाठी' एवढंच विचारतो. स्टेपलटन या कायद्यात सापडला असता. खुनाचा गुन्हा त्याच्यावर सिद्ध करणं तर होम्सलाही अवघड वाटत होतं, भीतीने मेला म्हणून कोणाला फाशी देणार?

माझं भांडण श्रद्धेशी नाही, हे नाशकात राहून मी खात्रीने सांगू शकतो. आमचा गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बघा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. लोक त्याला शेंदूर लावतात, हात जोडतात आणि त्याच मूर्तीवर पूर मोजतात. गळ्याला पाणी लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. देव आणि मोजपट्टी एकाच दगडात, आणि यात कोणाला काही खटकत नाही, मलाही नाही.

डॉईलचं स्वतःचं पुढे काय झालं हे बऱ्याच वाचकांना सोसत नाही. होम्सचा जन्मदाता १९१६ पासून उघडपणे मृतात्म्यांशी बोलण्याच्या पंथाचा प्रचार करायला लागला. यॉर्कशायरमधल्या कॉटिंगली गावच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्याने खरे मानले, डिसेंबर १९२० च्या स्ट्रँडमध्ये त्यावर लेख लिहिला, १९२२ मध्ये पुस्तक काढलं. त्याच मुलींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये, कबूल केलं की ती कागदाची कापलेली चित्रं होती, टोपीच्या पिना लावून उभी केलेली. डॉईलचा मुलगा किंग्जली १९१८ मध्ये गेला, पुढच्या वर्षी भाऊ गेला. ओढ त्याला त्याआधीपासूनच होती, हे दुःख नंतरचं, पण दुःखाने ती नक्कीच घट्ट झाली असेल. मला यात बास्करव्हिलची किंमत कमी झालेली दिसत नाही. ज्याला अंधारातून हाक यावी असं मनातून वाटत होतं त्याच माणसाने ती भीती इतकी खरी लिहिली. ज्याच्या मनात ते अजिबात नाही त्याला सर चार्ल्सचं रात्री फाटकाशी उभं राहणं लिहिता आलंच नसतं. आणि तरी लिहिताना त्याने होम्सला एक पाऊलही सरकू दिलं नाही. माणूस म्हणून त्याचं मन कुठेही गेलं असो, या कादंबरीत त्याने तर्काशी दगा केला नाही, याचा मला फार आदर वाटतो.

तर्क जिंकतो तेही फुकट जिंकत नाही. शेवटच्या रात्री होम्सने सगळा हिशोब केलेला असतो, सर हेन्रीला आमिष म्हणून माळावरून एकटं चालत यायला सांगितलेलं असतं, आणि दलदलीवरून धुकं सरकत येतं. पांढरं, जाड, हळूहळू वाटेकडे. माझा बेत उधळून टाकेल अशी ही एकच गोष्ट आहे असं होम्स स्वतः म्हणतो. त्यांना मागे मागे सरकावं लागतं, कुत्रा धुक्यातून अगदी जवळ आल्यावर दिसतो, आणि गोळ्या झाडेपर्यंत तो सर हेन्रीच्या गळ्याशी पोचलेला असतो. जीव वाचतो, पण त्या माणसाच्या मनाचं जे व्हायचं ते होतं, तापात बरळतो, पुढे बरं व्हायला मॉर्टिमरबरोबर जगाच्या प्रवासाला पाठवावं लागतं. कुत्रा साधा होता, फुलहॅम रोडवरच्या व्यापाऱ्याकडून विकत आणलेला होता, हे समजल्याने ती भीती काही परत जात नाही.

मामाकडेही तसंच झालं. पिंजरा लावला, पंधरा दिवसांनी बिबट्या सापडला, गाडीतून नेला. पण मामी अजून रात्री गोठ्यात जाताना मोठ्याने बोलत जाते. आणि मामाला रात्री उसाला पाणी द्यायला जावंच लागतं, कारण शेतीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असते, थ्री फेज येते साडेदहाला, मोटार चालू करायला उसाच्या कडेने चालत जायचं. बिबट्याचा प्रश्न निघाला की गोदाकाठचे शेतकरी पहिली मागणी करतात ती दिवसा विजेची. वनरक्षकाने ठसा दाखवला त्या दिवशीही चार-पाच जण हेच बोलत होते, आणि त्यावर त्या बिचाऱ्या पोराकडे उत्तर नव्हतं.

यंदा दिवाळीत मामीला मी ही सगळी गोष्ट सांगितली, दोन संध्याकाळी लावून. तिने बुटाचं लगेच ओळखलं, मी पुढे सांगायच्या आत, जनावरांत आयुष्य गेलेलं असल्यामुळे. पण तिचं लक्ष स्टेपलटनच्या बायकोवर होतं. बेरिल. नवऱ्याने तिला जगासमोर बहीण म्हणून ठेवलेलं, सर हेन्रीला गळाला लावायला वापरलेलं. तिनेच लंडनला असताना वर्तमानपत्रातले शब्द नखं कापायच्या छोट्या कात्रीने कापून सर हेन्रीला सावध करणारी चिठ्ठी पाठवली होती, फक्त 'मूर', म्हणजे माळ, हा शब्द छापील मिळाला नाही म्हणून हाताने लिहिला होता. शेवटी ती वरच्या खोलीत खांबाला बांधलेली सापडते, चादरीत गुंडाळलेली, मानेवर चाबकाचे वळ. आणि दुसऱ्या दिवशी तीच होम्स आणि वॉटसनला दलदलीतली वाट दाखवते, नवऱ्याबरोबर तिने स्वतः खुणेच्या काठ्या रोवल्या होत्या तिथून.

मामी म्हणाली, "मग पुढं तिचं काय झालं?"

मी सांगितलं की पुस्तकात ते नाही. होम्स शेवटच्या प्रकरणात वॉटसनला सगळं उलगडून सांगतो आणि मग दोघं ऑपेराला जातात, वाटेत जेवण करून.

"आणि त्या बाईला कोणी विचारलं नाही? चिठ्ठी तिनं पाठवली, वाट तिनं दाखवली."

मला हे कधी सुचलं नव्हतं. परवा पुन्हा शेवटचं प्रकरण उघडून बघितलं. होम्स तिच्याबद्दल बोलतो ते एवढंच, की तिचं नवऱ्यावर प्रेम होतं की त्याची भीती होती की दोन्ही, आणि खुनात हात द्यायला तिने नकार दिला होता. ती कोस्टारिकाची, तिचं माहेर तिकडे. आता ती तिकडे परत जाणार की त्या माळावरच्या घरात एकटी राहणार, तिच्या हातात पैसा आहे की नाही, यावर एक वाक्य नाही. मामीला फोन करून हे सांगितलं तर ती म्हणाली, पुस्तक आण येताना, मला ते बाईचं तेवढं वाचून दाखव.